विदेशी मदिरा, मुक्काम पोस्ट नाशिक

लाल, फसफसणारी आणि खिशाला परवडणारी. ही तीन विशेषणे एकाच वाइनला लावली की आपल्या साहित्यिक वर्तुळात लोक हसतात. लाल वाइन म्हणजे गंभीर, बुडबुडे म्हणजे पांढरी शॅम्पेन आणि स्वस्त म्हणजे पाहुण्यांचा अपमान, अशी वाटणी आधीच झालेली असते. माझे म्हणणे असे की पुस्तक-प्रकाशनानंतरच्या पार्टीला, तेही लखनौत, हीच वाइन सगळ्यांत योग्य आहे. ती इथे सहज मिळत नाही याचा दोष तिच्या चवीत नाही. तो आपल्या शब्दांत आणि त्या शब्दांवर बसवलेल्या करांत आहे.

आधी चवीचे बोलू. ताटात गलावटी किंवा काकोरी कबाब आहेत, म्हणजे तूप आहे, चरबी आहे, मिरची आहे. जड, तुरट रेड वाइन मिरचीवर पडली की तोंडाची आग वाढते. थंडगार, फेसाळ लाल वाइन मात्र जिभेवरचा ओशटपणा धुऊन नेते. इटलीत मोदेना आणि रेज्जो एमिलियाच्या परिसरात हे कुणाला पटवून द्यावे लागत नाही. तिथली लाम्ब्रुस्को डुकराच्या मांसाच्या स्निग्ध पदार्थांबरोबरच प्यायली जाते. तिचा फेस बहुधा मोठ्या पोलादी टाकीत तयार होतो. शॅम्पेनसारखी एकेक बाटली महिनोन्महिने सांभाळावी लागत नाही, म्हणून ती स्वस्त पडते. हा स्वस्तपणा पद्धतीतून येतो, त्याला भेसळ समजू नये.

आता दुकानाच्या पाटीकडे बघा. महाराष्ट्रात ‘वाइन शॉप’ म्हणतात ते व्हिस्की-रमचे दुकान, वाइन तिथे वरच्या फळीवर धूळ खात असते. लखनौत पाटी असते ‘अंग्रेज़ी शराब’, आणि सरकारी कागदावर शब्द असतो ‘विदेशी मदिरा’. ‘देशी’ हा शब्द स्वस्त दारूसाठी राखून ठेवलेला. म्हणजे नाशिकच्या द्राक्षाची, नाशिकच्या पाण्यावर वाढलेली वाइन गोमती ओलांडते तेव्हा विदेशी होते. मी अनुवादावर पोट भरते. इतके चुकीचे भाषांतर मी केले असते तर संपादकाने हस्तलिखित परत पाठवले असते.

नावांची ही लाज जुनी आहे. नारायणगावच्या इंडेजने 1980च्या दशकात फ्रेंच पद्धतीची स्पार्कलिंग वाइन काढली. परदेशी पाठवताना तिचे नाव ‘ओमर खय्याम’ आणि देशात विकताना ‘मार्कीझ द पॉम्पादूर’. परक्याला पूर्वेचा कवी विकायचा आणि घरच्याला फ्रेंच राजाची प्रेयसी. खरे तर त्याच खय्यामच्या निमित्ताने माधव जूलियनांनी 1931 मध्येच मराठीला ‘द्राक्षकन्या’ हा शब्द दिला होता. बाटलीवर तो कुणाला लावावासा वाटला नाही.

शब्दांच्या मागोमाग कर येतो. आयात वाइनवर वर्षानुवर्षे 150 टक्के शुल्क राहिले. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार 29 डिसेंबर 2022ला लागू झाला तेव्हा सवलत कुणाला मिळाली? पाच डॉलरपेक्षा महाग बाटलीला थोडी, पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीला जास्त. फसफसणारी लाल शिराझ ही ऑस्ट्रेलियाची खासियत, पण तिची साधी, पाच डॉलरच्या आतली बाटली जिथल्या तिथेच राहिली. श्रीमंताच्या पेल्याला सूट आणि इतरांच्या पेल्याला भिंत.

यावर उत्तर तयार असते: नाशिकच्या शेतकऱ्याला संरक्षण नको का? हवे. स्वस्त परदेशी वाइनचा लोंढा त्याला बुडवेल, हे मला मान्य आहे. पण मग त्याची बाटली निदान देशात तरी फिरू द्या. दारू हा राज्यांचा विषय, जीएसटीच्या बाहेरचा. प्रत्येक राज्यात लेबलची वेगळी नोंदणी, वेगळे शुल्क. मोठी कंपनी हे पेलते. छोट्या वायनरीला मात्र लखनौपर्यंत येणे परवडत नाही. भिंत सीमेवर असेल तर तिला संरक्षण म्हणता येईल. घरातच खोलीखोलीत भिंती घातल्या तर तो नुसता अडथळा.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: दारू स्वस्त हवीच कशाला? जानेवारी 2022मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी देण्याचे ठरवले, तेव्हा वाइन ही दारू आहे की नाही यावरच सगळे भांडत बसले. मी सरळ सांगते, ती दारू आहे. अकरा-बारा टक्के मद्यार्क असलेल्या पेयाला दुसरे काय म्हणायचे? पण व्हिस्कीत त्याच्या साडेतीन पटीहून जास्त असतो. ज्यांना खरोखर नशा कमी व्हावी असे वाटते, त्यांनी हलके पेय महाग आणि दुर्मिळ ठेवून लोकांना कडक बाटलीकडे ढकलू नये.

तोवर पार्टी थांबत नाही. एका बाटलीत पाच पेले निघतात. पंचवीस पाहुणे, प्रत्येकी दोन पेले, म्हणजे दहा बाटल्या; एवढा हिशेब पुरतो. सुलाची स्पार्कलिंग शिराझ मिळाली तर तीच घ्या. नाही मिळाली तर लाम्ब्रुस्को शोधा आणि लेबल नीट वाचा. ‘सेक्को’ म्हणजे कोरडी, ‘आमाबिले’ म्हणजे गोडसर, ‘दोल्चे’ म्हणजे गोड. स्पार्कलिंग वाइनवर इंग्रजीत ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिले असेल तर फसू नका, ती ‘ब्रूट’पेक्षा गोड असते. बाटली आधी बर्फात चांगली गार करा. कोमट झाली की तिची सगळी गंमत जाते.

आणि कुणी पाहुण्याने नाक मुरडून विचारले की ही कुठली, तर फ्रेंच उच्चाराची कसरत करू नका. नाशिकची आहे, म्हणा.