शाळेतलं भूत आणि पहिला नंबर

मंडळी, सत्तरीतल्या माणसांनी भुताखेतांच्या सिनेमांवरून हमरीतुमरीवर यावं का, असा प्रश्न आमच्या सूनबाईंना पडला आहे. माझ्या मते जरूर यावं. गुडघेदुखी आणि पेन्शन यांवर किती बोलणार?

तर झालं असं. आमचा सहा-सात जणांचा शनिवारचा कट्टा आहे. गेले दोन महिने आम्ही एकच विषय धरला होता, शाळेत घडणारे भयपट. माझ्या नातीने लॅपटॉपवर सिनेमा लावून द्यायचा आणि आम्ही चहा-चिवडा घेऊन बघायचा. खालच्या इंग्रजी ओळी बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक मित्र मोठ्याने वाचून दाखवतात, तेही अगदी निर्विकार आवाजात, व्याजदर वाचल्यासारखे! शेवटी पाच सिनेमे उरले, क्रम लावायची वेळ आली आणि खरं भांडण तिथे पेटलं.

मतदानाने ठरलेला क्रम असा. पहिला फ्रान्सचा 'ले दियाबोलिक' (१९५५), दुसरा अमेरिकेचा 'कॅरी' (१९७६), तिसरा इटलीचा 'सस्पिरिया' (१९७७), चौथा दक्षिण कोरियाचा 'व्हिस्परिंग कॉरिडॉर्स' (१९९८) आणि शेवटचा तैवानचा 'डिटेन्शन' (२०१९).

मला हा क्रम मान्य नाही. बहुमतापुढे तिथे गप्प बसले, पण इथे मला कोण अडवणार?

माझा आक्षेप कसोटीलाच आहे. 'कोण किती घाबरलं' यावर कट्ट्याने गुण दिले. पण घाबरणं हे वयावर अवलंबून असतं, खोलीतल्या अंधारावर असतं, शेजारी कोण बसलंय यावरही असतं. माझी कसोटी निराळी आहे. सिनेमातलं भूत शाळेतून उचला आणि एखाद्या पडक्या वाड्यात नेऊन ठेवा. गोष्ट जशीच्या तशी चालली, तर तो शाळेचा सिनेमा नव्हे. त्याने शाळेची इमारत फक्त भाड्याने घेतली, एवढंच.

या कसोटीवर पहिला नापास होतो तो 'सस्पिरिया'. दारिओ अर्जेंतोचं दिग्दर्शन, जर्मनीतल्या फ्रायबुर्ग गावातली नृत्यशाळा, ते लालभडक आणि निळे रंग, 'गॉब्लिन'चं अंगावर येणारं संगीत, सगळं खरं. पण त्यातल्या चेटकिणींना नाच शिकवण्याशी काय देणंघेणं? त्या कुठेही राहिल्या असत्या. एक गोष्ट मात्र मला फार आवडली. अर्जेंतोच्या मनात आधी अगदी लहान मुलींची गोष्ट होती. पुढे मोठ्या मुली घ्याव्या लागल्या, तेव्हा त्याने दारांच्या मुठी मुद्दाम उंचावर बसवल्या, म्हणजे त्या मुली त्यांच्यापुढे लहान दिसाव्यात. हे मात्र अस्सल शाळेचं आहे. पहिलीतल्या मुलाला शाळेतली प्रत्येक वस्तू उंचच असते, आणि बाई तर सगळ्यांत उंच!

'ले दियाबोलिक'चं काय करायचं, हा अवघड प्रश्न. आँरी-जॉर्ज क्लूझोचा हा सिनेमा अप्रतिम आहे यात वादच नाही. एका निवासी शाळेचा दुष्ट मुख्याध्यापक, त्याची आजारी बायको आणि त्याची मैत्रीण. या दोघी मिळून त्याला संपवायचं ठरवतात. शेवट सांगत नाही, कारण तो कुणाला सांगू नका अशी विनंती सिनेमा संपताना पडद्यावरच केलेली आहे. बँकवाल्या मित्रांचं म्हणणं, "शाळा असो नसो, श्वास अडकतो की नाही?" अडकतो. पण मुख्य गोष्ट तिघा मोठ्या माणसांची आहे, ती एखाद्या खानावळीतही घडली असती. मला त्यातलं शाळेचं वाटलं ते निराळंच. पैसे वाचवायला मुलांना शिळे मासे खायला घालणारा तो मुख्याध्यापक, आणि तो मुलगा. हा मुलगा सांगतो, मला मुख्याध्यापकांनी पकडलं आणि माझी गलोल काढून घेतली. मोठ्यांच्या हिशेबात ते शक्यच नसतं, म्हणून मुलगा खोटारडा ठरतो आणि वर शिक्षा भोगतो. कट्ट्यावर सगळे हौदाच्या प्रसंगाला दचकले, मी या प्रसंगाला.

आता 'कॅरी'. ब्रायन डी पाल्माचा सिनेमा, स्टीफन किंगच्या १९७४च्या पहिल्या कादंबरीवरचा. त्यातलं रक्त, आग वगैरे सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला विचाराल तर सर्वांत भीतीदायक प्रसंग मुख्याध्यापकांच्या खोलीतला आहे. मुलींनी अमानुष थट्टा केलेली ही पोर समोर बसली आहे, आणि सहानुभूती दाखवणारे मुख्याध्यापक तिला सारखं 'कॅसी' म्हणत आहेत. ती 'कॅरी' असं ओरडते आणि टेबलावरचं राखेचं भांडं आपोआप उडतं. तिची शक्ती तिथे दिसते, नाव चुकल्यावर! किंग त्या काळात स्वतः शाळामास्तर होता. 'ऑन रायटिंग' या पुस्तकात (२०००) त्याने लिहिलंय की ही कॅरी त्याच्या आठवणीतल्या दोन मुलींवरून आली. त्यातली एक रोज तेच कपडे घालून यायची म्हणून तिची टर उडवायचे. एकदा नाताळच्या सुट्टीनंतर ती नवे कपडे घालून आली, तर थट्टा थांबण्याऐवजी वाढली. ज्यांनी शाळेत आयुष्य काढलंय, त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

आणि माझा पहिला नंबर, 'व्हिस्परिंग कॉरिडॉर्स'. पार्क की-ह्युंगचा हा सिनेमा इतका चालला की पुढे २०२१पर्यंत या मालिकेत एकूण सहा चित्रपट निघाले. मुलींची शाळा आहे. मारकुटे मास्तर, टोचून बोलणाऱ्या बाई, मार्कांपायी एकमेकींना परक्या झालेल्या दोन मैत्रिणी. नातीने वाटेत दोनदा 'बोअर आहे' म्हणून सांगितलं. पण शेवटाकडे जे उलगडतं (बघायचा असेल त्यांनी पुढची दोन वाक्यं गाळा) ते असं. शाळेत मेलेली एक मुलगी मेल्यानंतरही वर्षानुवर्षं वर्गात येऊन बसते आहे. शाळेच्या जुन्या वार्षिकांकांतल्या फोटोंत नाव निराळं, पण चेहरा तोच!

विचार करा मंडळी. हजेरी होते आहे, ती 'हजर' म्हणते आहे, परीक्षा होताहेत, फोटो निघताहेत, आणि इतकी वर्षं कुणाच्या काही लक्षात येत नाही. हे भूत वाड्यात नेऊन दाखवा बरं! वाड्यातल्या भुताला सूड हवा असतो, पुरलेलं धन हवं असतं. हिला शाळा पुरी करायची आहे आणि एक मैत्रीण हवी आहे. कट्ट्याने याला चौथा नंबर दिला, कारण 'फार घाबरलो नाही'.

मी हे जरा तावातावाने मांडलं, तेव्हा बँकवाले म्हणाले, "बाई, आपण सिनेमा बघायला जमलोय की शाळा तपासणीला?" सगळे हसले. फक्त मामा हसले नाहीत. मामा एका शाळेत शिपाई होते, तीसेक वर्षं रोज संध्याकाळी तिथल्या वर्गांना त्यांनीच कुलपं लावली. एरवी फारसं बोलत नाहीत. ते म्हणाले, "रिकाम्या शाळेत मला भूत कधी दिसलं नाही. पण शाळा सुटली तरी घरी न जाणारी पोरं रोज दिसायची. एखादं जिन्याखाली बसलेलं असायचं. चल बाळ, कुलूप लावायचंय म्हटलं की दप्तर उचलून निघायचं. कुठे जायचं कोण जाणे." यावर कुणी काही बोललं नाही. चहा गार झाला.

आता 'डिटेन्शन'बद्दल, कारण त्याला शेवटचा नंबर देणं हा अन्यायच आहे. जॉन शूचा हा सिनेमा २०१७च्या एका व्हिडिओ गेमवरून केलेला. नातीला तो त्यामुळेच ठाऊक होता. काळ १९६२चा. तैवानमध्ये १९४९पासून १९८७पर्यंत लष्करी कायदा होता, त्या काळातली शाळा. शाळेत लष्करी शिस्त बघणारा अधिकारी नेमलेला. दोन शिक्षक आणि काही मुलं लपून, बंदी घातलेली पुस्तकं वाचतात. कुणीतरी ते फोडतं. पुढे काय होतं ते बघाच. इथे मुलांकडे दुर्लक्ष नाही, उलट प्रत्येकावर डोळा आहे. दप्तरं तपासली जातात, कोण कुणाशी बोलतो ते टिपलं जातं. आणि तरीही एका मुलीच्या घरात काय चाललंय, तिच्या मनात काय चाललंय, हे कुणाला कळत नाही. पाळत ठेवणं आणि लक्ष असणं यांत किती अंतर आहे, ते मला या सिनेमाने दाखवलं.

हे आजचंच आहे. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४मध्ये आपल्याकडे शाळांत कॅमेरे सक्तीचे करणारा शासन निर्णय निघाला. कॅमेरे हवेतच, माझा अजिबात विरोध नाही. पण कॅमेऱ्याला जिन्याखालचं पोर दिसेल, ते घरी का जात नाही हे दिसणार नाही. त्याला मामाच लागतात.

तुम्ही म्हणाल, आपला देशी सिनेमा यादीत एकही कसा नाही? आपलं भूत 'महल'पासून (१९४९) 'पुरानी हवेली'पर्यंत (१९८९) मोठ्या घरांतच रमलं. २०२३मध्ये आलेली 'अधूरा' ही निवासी शाळेतली गोष्ट आहे खरी, पण ती मालिका, म्हणून बाद. नात त्यावरून अजून रुसलेली आहे. मी मात्र एक नाव सुचवलं होतं, 'तारे ज़मीन पर' (२००७). सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. पण त्याचा पहिला अर्धा भाग पुन्हा बघा. अक्षरं नाचताहेत असं सांगणारा मुलगा, त्याला आळशी ठरवणारे मोठे, मग ते वसतिगृह, आणि हळूहळू बोलणंच बंद करणारा ईशान. सगळं साहित्य भयपटाचंच आहे. फरक इतकाच, की चित्रकलेचे एक सर येतात आणि त्या मुलाच्या वह्या नीट उघडून बघतात. ते आले नसते तर?

मी शिकवत होते तेव्हा वर्गात साठ-पासष्ट मुलं असायची. हजेरी नंबराने घ्या, वेळ वाचतो, असं वरून सांगणं होतं. मी नावानेच घ्यायची. चार-पाच मिनिटं जास्त जायची, पण प्रत्येक नावाला मान वर करून बघावं लागायचं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत तीस आणि आठवीपर्यंत पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवून दिलं. ते जिथे पाळलं जात असेल तिथे तर दोन मिनिटांत काम होईल.

तेव्हा माझा क्रम असा : व्हिस्परिंग कॉरिडॉर्स, डिटेन्शन, कॅरी, ले दियाबोलिक, सस्पिरिया. 'तारे ज़मीन पर' स्पर्धेबाहेर, पण माझ्या मनात वरच. तुमचा क्रम जरूर कळवा, भांडायला मी तयार आहे. आणि आपल्या गोतावळ्यात जे अजून शिकवताहेत, त्यांनी उद्या एक दिवस हजेरी नावाने घेऊन बघावी, मान वर करून.