चित्र येत नाही? काढाच!

डेडलाइन्सनी डोकं भणभणतंय? मग एखाद्या वीकेंडला कुडाळजवळचं पिंगुळी गाठा. 2021 मध्ये पद्मश्री मिळालेल्या परशुराम गंगावणे यांनी तिथे चक्क गोठ्यात चित्रकथीचं म्युझियम उभं केलंय. ठाकर कलाकार एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगतात. आधी चित्र, मग शब्द. आर्ट थेरपीही बरेचदा याच वाटेने जाते. फक्त तिथे कथा तुमची असते.

अमेरिकेत 2016 मधल्या एका प्रयोगात 39 जणांनी 45 मिनिटं रंग, माती, कागदात हात घातले आणि 75 टक्के जणांचं कॉर्टिसॉल, म्हणजे स्ट्रेसचं हार्मोन, उतरलं. चित्रकलेचा अनुभव असण्या-नसण्याने काही फरक पडला नाही, बरं का! अर्थात, महिनोन्महिने झोप उडाली असेल तर नुसत्या कलरिंग बुकवर भागवू नका, ट्रेन्ड थेरपिस्टकडेच जा.