लस न टोचलेल्यांचे काय झाले?

औषध घेतले आणि गुण आला, एवढ्या एका वाक्याच्या बळावर आपल्याकडे काढे, गंडे आणि महागडी चूर्णे वर्षानुवर्षे खपत आली आहेत. आणि शाळेत शास्त्र हा विषय शिकून त्यात उत्तम गुण मिळविलेला विद्यार्थीही ते वाक्य ऐकल्यावर, ज्यांनी औषध घेतले नाही त्यांचे काय झाले, असे विचारीत नाही, ही माझ्या मते आपल्या शास्त्रशिक्षणातील सर्वांत मोठी उणीव आहे.

तिचे कारण उघड आहे. आपण निष्कर्ष शिकवितो, पुरावा शिकवीत नाही. लोलकाच्या वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजून गुरुत्वत्वरण काढावयाचे असते, पण ९.८ हा आकडा आधीच ठाऊक असल्यामुळे विद्यार्थी उत्तरापासून उलटा हिशेब करीत वर जातो, न जुळणारी मोजणी खोडरबराने पुसतो आणि जुळणारी लिहून जर्नलवर सही घेतो. ९.३ असे प्रामाणिक उत्तर लिहून चूक कोठे शिरली असावी हे सांगणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्यावेत, असा स्पष्ट हुकूम परीक्षा मंडळांनी काढला पाहिजे.

पुरावा म्हणजे काय हे शिकविण्यासाठी दूर जावयास नको. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरल्यावर वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. या धैर्याबद्दल मनात आदरच उत्पन्न होतो. परंतु त्या टोचणीने एवढेच सिद्ध झाले, की निरोगी माणूस ती सहन करू शकतो. पुढे त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग उद्भवला असता जे कैदी राजी झाले त्यांना लस देण्यात आली, आणि एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकच अन्न खाणाऱ्या या लोकांत, लस न घेतलेले अधिक संख्येने आजारी पडले व मेले. हा पुरावा खासच वजनदार होता. तरीही स्वखुशीने पुढे आलेले कैदी मुळातच अधिक सशक्त किंवा अधिक सावध असतील, अशी शंका घेण्यास जागा उरतेच.

ती जागा बुजविण्याचा प्रयत्न १८९८ साली बडोद्याजवळच्या उंडेरा गावी झाला. तेथे निवड ज्याच्या त्याच्या मर्जीवर न सोपविता, प्रत्येक कुटुंबातील माणसांचे वय, लिंग आणि प्रकृती पाहून शक्य तितके सारखे दोन भाग पाडले आणि एका भागास लस टोचली. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांतील लस न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले व २६ दगावले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ दगावले. घर तेच, चूल तीच, अंगणही तेच. पिसवांमुळे प्लेग पसरतो हे त्या काळी सर्वमान्य झालेले नव्हते. तरीही रोगाचा मार्ग नीट न उमगता लसीचा गुण ओळखता आला, हे या मांडणीचे सामर्थ्य होय.

त्या तीन मृत्यूंकडे विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधावे. त्यांच्यापैकी एखाद्याचा शेजारी शपथेवर सांगू शकला असता, की लस घेऊनही माणूस गेला; आणि त्याची साक्ष अक्षरशः खरी असूनही तीवरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरला असता.

नववीच्या वर्गात उंडेऱ्याचे हे आकडे निष्कर्षाविना फळ्यावर मांडावेत आणि एक तास मुलांच्या स्वाधीन करावा. कुटुंबे न विभागता अर्धे गाव निवडले असते तर काय बिघडले असते, विभागणी कोणी केली, मृत्यूंची नोंद कोणी ठेवली, हे ती विचारतील. भायखळ्याचा अनुभव हाताशी असताना उरलेल्या निम्म्या माणसांना लसीवाचून ठेवणे न्याय्य होते काय, असेही एखादी मुलगी विचारील, आणि त्या वेळी अभ्यासक्रम पुरा करावयाचा आहे ही सबब पुढे करून शिक्षकांनी तिला खाली बसवू नये.