हीटरमधून थंड हवा येते तेव्हा

नाताळच्या सुटीत स्वतःची गाडी घेऊन शिमला-मनाली गाठण्याची हौस आता अनेक मराठी कुटुंबे करतात. दिल्ली, ग्वाल्हेर, भोपाळ अशा ठिकाणी राहणाऱ्यांना तर घरच्या हिवाळ्यातही गाडीतला हीटर लागतोच. वर्षातले आठ-दहा महिने ज्याची आठवणही होत नाही, तो हा हीटर नेमका गरजेच्या वेळी थंड हवा देऊ लागतो. मागे बसलेली मुले कुडकुडतात, समोरची काच आतून धूसर होते आणि 'शाली गुंडाळा, पोहोचलोच' असे म्हणून प्रवास पुढे चालू राहतो. हे मात्र धोक्याचे आहे. कारण ही थंड हवा पुष्कळदा हीटरची नव्हे, तर इंजिनाची तक्रार असते.

पेट्रोल वा डिझेलच्या गाडीत हीटरची उष्णता इंजिनाकडूनच येते. इंजिन प्रमाणाबाहेर तापू नये म्हणून त्यात कूलंट फिरत असते. त्यातलेच काही गरम कूलंट दोन रबरी नळ्यांवाटे डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये जाते. त्यावरून पंख्याची हवा गेली की ती गरम होऊन आत येते. (विजेवर चालणाऱ्या मोटारींत ही व्यवस्था वेगळी असते.) गाडी सुरू करताच मात्र गरम हवेची अपेक्षा करू नये. इंजिन तापायला काही मिनिटे लागतात, डिझेलच्या गाडीला थोडी अधिकच.

आधी कूलंट पाहावे

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडून कूलंटची प्लास्टिकची टाकी पाहावी. पातळी किमान आणि कमाल या दोन खुणांच्या मध्ये हवी. ती खाली गेली असेल तर नळ्यांमध्ये हवा शिरते आणि हीटर गार पडतो. गाडी वेगात असताना हवा गरम येते आणि सिग्नलला थांबताच थंड होते, हेही बहुधा याचेच लक्षण असते. कंपनीने सांगितलेले कूलंट भरून दोन-चार दिवसांनी पुन्हा पाहावे. पातळी परत उतरली, तर गळती शोधायलाच हवी. नुसते भरत राहणे हा उपाय नव्हे.

गरम इंजिनावर रेडिएटरचे किंवा टाकीचे झाकण कधीही उघडू नये. आत दाबाखाली असलेले उकळते कूलंट उसळून हात-तोंड भाजते. कूलंट विषारी असते आणि चवीला गोडसर लागते. म्हणून त्याचा डबा मुलांच्या हाती लागू देऊ नये. जमिनीवर सांडलेले लगेच धुऊन टाकावे.

काटा आणि नळ्या काय सांगतात?

कूलंट पुरेसे आहे, पण पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवूनही तापमानाचा काटा तळाशीच राहतो, तर थर्मोस्टॅटवर संशय घ्यावा. काटा नसलेल्या अनेक गाड्यांत निळा दिवा असतो. तो विझत नसेल तर तेच समजावे. इंजिन तापेपर्यंत कूलंटला मोठ्या रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही छोटी झडप उघडीच अडकली, की इंजिन नीट तापत नाही. उष्ण प्रदेशात काही मेकॅनिक 'गाडी गरम होणार नाही' असे सांगून थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. नागपूरच्या उन्हाळ्यात ते खपून जाते. तीच गाडी डिसेंबरात शिमल्याला नेली की उणीव कळते, शिवाय पेट्रोलही जास्त जळते. भाग फारसा महाग नसतो. तो बसवूनच घ्यावा.

काटा जागेवर आहे, तरी हवा थंडच? मग इंजिन तापल्यावर ते बंद करावे आणि हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्यांना कापड धरून जपून स्पर्श करावा. दोन्ही गरम असतील तर कूलंट पोहोचते आहे आणि दोष डॅशबोर्डमधल्या झडपेत किंवा तिच्या केबलमध्ये आहे. एक गरम आणि दुसरी गार असेल तर आतला छोटा रेडिएटर गाळाने तुंबलेला असतो, किंवा काही गाड्यांत असणारा हीटरचा व्हॉल्व्ह उघडत नसतो. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे नळाचे पाणी भरल्याचा हा परिणाम असू शकतो. गंज आणि क्षार साचून वाट बंद होते. गॅरेजमध्ये आतून धुऊन घेतल्यावर पुष्कळदा काम भागते. धुऊनही न भागल्यास तो बदलावा लागतो. त्यासाठी बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागत असल्याने मजुरी मोठी होते. डोंगराळ थंडीत नुसते पाणी भरणे आणखी महाग पडते. ते ० अंशाला गोठते आणि गोठताना फुगून नळ्या किंवा इंजिनही फोडू शकते. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी असलेले कूलंट मात्र उणे ३५ अंशांपर्यंतही गोठत नाही.

कधी थांबायचे?

गाडीत गोडसर वास येणे, पुसूनही काचेवर तेलकट धूसरपणा राहणे, डॅशबोर्डखालचा गालिचा ओला लागणे, ही आतला रेडिएटर गळत असल्याची चिन्हे आहेत. गाडी लवकर दाखवावी. हवा थंड आणि काटा मात्र लाल खुणेकडे चढतो आहे, असे दिसले तर एक किलोमीटरही पुढे जाऊ नये. सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. तशीच गाडी रेटली तर हेड वाकते, गॅस्केट जाते आणि डबाभर कूलंटवर भागणारे काम इंजिन उघडण्यापर्यंत पोहोचते.

हीटरची परीक्षा करताना गाडी नेहमी मोकळ्या जागेत सुरू करावी. बंद गॅरेजमध्ये साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि तो जीव घेतो. प्रवासाला निघण्यापूर्वी आठवडाभर आधी सकाळची दहा मिनिटे काढून कूलंट, काटा आणि हीटर पाहून घ्यावा. दोष निघालाच, तर तो घराजवळच्या गॅरेजमध्ये निस्तरता येतो. रात्रीच्या घाटात, मुलाबाळांसह, धूसर काचेमागे बसून त्याचा शोध घ्यावा लागत नाही.