कॉमिक कॉनची बॅग आणि मुरडलेली नाकं

परवा एका लग्नात जेवणाच्या पंगतीत (पंगती आता कुठे राहिल्यात, बुफेच्या रांगेतच) माझ्या एका चुलत नणंदेने चारचौघांत विचारलं, "काय हो वहिनी, पुन्हा नातीला घेऊन त्या सोंगांच्या जत्रेला जाणार का? महिना महिना तयारी करता म्हणे!" आजूबाजूचे हसले. एक मेहुणे म्हणाले, "बाई रिटायर झाल्या, आता कॉमिक्स वाचायला मोकळ्या!" माझ्या हातात गुलाबजामची वाटी होती म्हणून मी गप्प बसले. ते सगळे आता इथे बोलणार आहे. नणंदबाई हे वाचतात हे मला ठाऊक आहे. वन्सं, राग मानू नका, पण वाचा शेवटपर्यंत.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. कॉमिक कॉन म्हणजे चित्रकथा काढणारे, छापणारे, विकणारे आणि वाचणारे यांचा मेळावा. अमेरिकेत सॅन डिएगोला १९७० साली एका हॉटेलात सुरू झाला तेव्हा तीनेकशे माणसं जमली होती म्हणतात. आता लाखाच्या वर जमतात. आपल्याकडे पहिला २०११ च्या फेब्रुवारीत दिल्लीला झाला. 'अमर चित्र कथा'वाल्या अनंत पैंचा तिथे जीवनगौरव पुरस्कार देऊन सत्कार झाला आणि नंतर पाचच दिवसांनी ते गेले. मुंबईतही तो भरतो. २०२४ च्या एप्रिलात बांद्रा-कुर्ला संकुलात भरला होता, त्याला मी आणि नात गेलो होतो. ती तेव्हा नववीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. त्या तयारीबद्दलच हा सगळा वाद आहे.

नातीला व्हायचं होतं नेझुको. 'डेमन स्लेयर' नावाच्या जपानी चित्रकथेतली मुलगी. तोंडात बांबूचा तुकडा, अंगात गुलाबी किमोनो, वर तपकिरी झगा, कमरेला लाल-पांढऱ्या चौकड्यांचा पट्टा. हे बाजारात तयार मिळतं. लेक म्हणाला, "मागवून टाकू ना, आई." मी म्हटलं, अजिबात नाही. माझी एक जुनी गुलाबी साडी कपाटात पडून होती, तिचा किमोनो होईल. नात तोंड वाकडं करत तयार झाली.

आणि मग खरी गंमत सुरू झाली. त्या किमोनोवर एक नक्षी असते, तागाच्या पानांची. जपानीत असानोहा म्हणतात. षटकोनात षटकोन गुंतलेले, आत सहा पाकळ्यांची चांदणी. आता ही नक्षी पाच मीटर कापडावर कशी उमटवायची? पोरीला भूमितीत जेमतेम पास होण्याइतके मार्क. तिला मी कंपास दिला आणि म्हटलं, वर्तुळ काढ, आणि तेवढीच त्रिज्या घेऊन परिघावर खुणा करत जा. सहावी खूण बरोबर पहिलीवर आली तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली! हे तिला शाळेत शिकवलेलं होतं. पण ते तेव्हा 'प्रश्न क्र. ३ (अ)' होतं, आता नेझुकोचा किमोनो होता. पुठ्ठ्याचा छाप कापला, स्पंजने पांढरा रंग लावला, आणि चार दिवस आमच्या हॉलमध्ये कुणाला पाय टाकायची सोय नव्हती.

तिची मैत्रीण झाली होती नेझुकोचा भाऊ तांजिरो. तो बहिणीला पाठीवर लाकडी पेटीत घालून हिंडतो. त्यामुळे पेटी हवी! लाकडाची केली तर डोंबिवलीहून लोकलमध्ये चढणार कशी? दोघींनी पुठ्ठ्याची केली, घडी घालून सपाट होईल अशी. इष्टिकाचितीची घडण कागदावर काढून कोणती बाजू कुठे दुमडायची याचा वाद चालला होता आणि मी स्वयंपाकघरात कान देऊन ऐकत होते. तीस वर्षांच्या नोकरीत या विषयावर दोन मुली भांडताना मी कधी ऐकल्या नव्हत्या.

आता मला सांगा, वन्सं, हीच पोर गणपतीच्या मखरासाठी चार रात्री जागली असती तर तुम्ही काय म्हणाला असता? "किती गुणाची हो!" हेच ना? दिवाळीतला किल्ला, भोंडल्याचा हत्ती, गॅदरिंगचं नाटक, यांतलं काय आहे जे या पेटीत नाही? फरक इतकाच की तुमच्या ओळखीचा देव किंवा राजा त्यात नाही. सोंगांची जत्रा म्हणालात. अहो, कोकणातल्या दशावताराला तुम्हीच रात्रभर बसत होतात, आणि तिथे संकासुर बघून रडल्याचं अजून हसत हसत सांगता. सोंग हा शब्द आपल्याकडे शिवी कधीपासून झाला?

असो. बॅगेकडे वळते.

बॅग भरण्यात मात्र मी जुनी खेळाडू. शाळेच्या सहली नेलेल्या आहेत. पहिलं म्हणजे बूट. दिवसभर सिमेंटच्या फरशीवर उभं राहायचं, तेव्हा पायात रोजचे, सवयीचे. पोशाखाबरोबरचे वेगळे पिशवीत. पाण्याची बाटली, लिंबू-साखर-मिठाची पुडी, कारण एप्रिलची मुंबई आणि अंगावर दोन झगे. सुईदोरा, सेफ्टीपिना, दोन्हीकडून चिकटणारी टेप, ते गरम बंदुकीतून येतं त्या गोंदाची एक कांडी. (कांडी नेली आणि बंदूक राहिली, हे तिथे पोचल्यावर कळलं. टेपवर भागलं.) बांबूचा तुकडा खरा नव्हे, फोमचा. तलवार तर फोमचीच, कारण असल्या ठिकाणी धातूचं, धारदार काही आत सोडत नाहीत आणि ते योग्यच आहे. चित्रं गुंडाळून ठेवायला पुठ्ठ्याची नळी. सुटे पैसे. सगळे मोबाईलवरून देतात हे मलाही कळतं, पण नेटवर्क गेलं की आजीचीच पर्स उघडते. दिवस शनिवारचा धरायचा, रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक.

हे सगळं पलंगावर मांडलं होतं. मी चष्मा लावून एकेक वस्तू बघितली आणि विचारलं, "पुस्तक कुठाय?"

"कसलं पुस्तक?"

"अगं, कॉमिक्सच्या मेळाव्याला चाललीस ना? कॉमिक कुठाय?"

नव्हतंच. बाईसाहेबांनी नेझुकोची गोष्ट पडद्यावर पाहिली होती. मूळ चित्रकथा तेवीस खंडांची आहे, आणि त्यातला एकही तिने हातात धरला नव्हता. तेव्हा माझं भांडण फक्त नणंदेशी आहे असं कुणी समजू नये. या पोरांशीही आहे. आत गेल्यावर पाहिलं, गर्दी कुठे? फोटोंच्या भिंतींपुढे, टी-शर्टांपुढे, बाहुल्यांपुढे. आणि पलीकडे टेबलं मांडून बसलेली तरुण मुलं, स्वतः लिहून, स्वतः काढून, पदरचे पैसे घालून छापलेली पुस्तकं घेऊन. त्यांच्यापुढे माणसं थांबतात, पानं चाळतात, "मस्त आहे" म्हणतात आणि पुढे जातात. ज्यांच्या नावाने जत्रा भरली त्यांच्याच दुकानात गिऱ्हाईक नाही! विठोबाचं दर्शन न घेता चंद्रभागेकाठी बांगड्या भरून परत यायचं, तशातला प्रकार. मी नातीला बजावलं, टी-शर्ट घेतेस तर घे, पण एक पुस्तक घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. तिने दोन घेतली.

हा एवढा शहाणपणा मी शिकवते आहे खरा, पण माझा अधिकार काय? आता जे लिहिते ते कधी लिहिलेलं नाही.

त्या बॅगेत मी माझ्याकडून एक वस्तू घातली होती. कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या हजेरीपटांखाली, अकरा कॉमिक्स आहेत. सगळी इंद्रजाल, सगळी मराठी. आमच्या वर्गांवर ही पुस्तकं म्हणजे साथ होती. घट्ट कपड्यांवरून पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालणारा वेताळ, जादूगार मॅण्ड्रेक. मुलं दप्तरात आणायची, बाकाखाली वाचायची, आणि मी ती काढून घ्यायची. वर्षअखेर परत देईन म्हणायची. बऱ्याच जणांना दिलीही. अकरा राहिली.

त्यातल्या एकावर पहिल्या पानावर शाईने नाव आहे आणि खाली '७ वी ब'. नाव लिहिणार नाही. साल १९७८ च्या आसपासचं. हा मुलगा वाचनात फार मागे होता. बालभारतीचा धडा वाचायला उभा केला की अक्षर अक्षर जुळवत बसायचा, वर्ग हसायचा, आणि खरं सांगायचं तर कधी कधी मीही उसासा टाकायची. एक दिवस मधल्या सुट्टीत मी वर्गात लवकर गेले. तो भिंतीला टेकून दोन लहान मुलांना वेताळ वाचून दाखवत होता. मोठ्याने, आवाज बदलून, न अडखळता. मी दारात उभं राहून अर्धं पान ऐकलं. आणि मग आत जाऊन ते पुस्तक काढून घेतलं.

पुढे तो सातवीत नापास झाला आणि शाळेत आला नाही. पुस्तक माझ्याकडे राहिलं.

बी.ए. झालेली, मराठी घेऊन झालेली बाई. वाचन म्हणजे काय हे मला माहीत असायला हवं होतं. पण आमच्या डोक्यात एक बसलं होतं: चित्र असलं की ते वाचन नव्हे. हे कुठून आलं देव जाणे. कुडाळजवळच्या पिंगुळीला चित्रकथी आहेत. सुट्या चित्रांचा गठ्ठा, त्याला ते पोथी म्हणतात. एकेक चित्र पुढे धरून रामायण सांगायचं. त्यातल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने फोटो फिरवले. वन्सं, तुम्हीही फिरवला होतात. ते लोकही पोथ्या बांधून गावोगाव हिंडलेच ना? त्यांची पोथी ती कला, आणि मुलाच्या दप्तरातली ती थिल्लर. १९९१ पासून 'सकाळ'मध्ये चिंटू आला, तो कापून फ्रिजवर लावणारी घरं मला ठाऊक आहेत. तीच घरं मुलाच्या हातात चित्रकथेचं पुस्तक दिसलं की "जरा चांगलं काही वाच" म्हणतात. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं. त्या वेळी माझ्यासारख्या बायांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार. आणि आता आम्हीच व्याख्यानांत विचारतो, मुलं मराठी का वाचत नाहीत! आपणच पायरी काढून घ्यायची आणि मुलं वर चढत नाहीत म्हणून रडायचं.

मेहुण्यांनी लग्नात आणखी एक ज्ञान दिलं. जुन्या इंद्रजालला म्हणे शौकीन लोक चांगला पैसा देतात, त्या मेळाव्यात विकून टाका, तिकिटाचे पैसे तरी सुटतील. मेहुणे, ती माझी नाहीत. विकू कशी?

२०२४ ला मी ते सात-ब चं पुस्तक नेलं होतं ते वेगळ्याच कामासाठी. त्याची पानं पिवळी पडून कडा तुटायला लागल्या होत्या. नातीने सांगितलं होतं की ही पुस्तकं ठेवायला पारदर्शक पिशव्या मिळतात आणि मागे घालायला आम्ल नसलेला पुठ्ठा, म्हणजे कागद जळत नाही. तिथे एका टेबलावरच्या मुलाकडे त्या होत्या, पण विकायला नव्हत्या, त्याच्या स्वतःच्या पुस्तकांसाठी होत्या. त्याने माझ्या हातातलं पुस्तक बघितलं, हात रुमालाला पुसले आणि मग ते घेतलं. पहिलं पान उघडून नाव वाचलं. "तुमचा भाऊ का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, विद्यार्थी. त्याने एक पिशवी आणि पुठ्ठा काढला, पुस्तक आत सरकवलं, वरून चिकटपट्टी लावली. पैसे घेतले नाहीत. मी त्याच्याकडची दोन पुस्तकं घेतली, एक माझ्यासाठी आणि एक कुणाला तरी द्यायला.

उरलेल्या दहा पुस्तकांसाठी पिशव्या घ्यायच्या आहेत, मापं काढून ठेवली आहेत. जुन्या हजेरीपटांत त्या मुलाचा तेव्हाचा पत्ता सापडला आहे. चाळ कधीच पडली, तिथे आता टॉवर आहे, पण खालचा किराणावाला जुना आहे म्हणतात. नातीला घेऊन तिथेही जायचं आहे. या वेळी तिला पंख हवे आहेत, दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट, आणि ते लोकलच्या दारातून आत कसे जाणार यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.