होडीला वेळापत्रक, ज्वारीला वाट



रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदी आहे. दोन्ही काठांना हिरवे डोंगर, मधून फेसाळते पाणी. मुंबई-पुण्याची मंडळी तेथे रबरी होडीत बसून दहा-बारा किलोमीटर प्रवाहात जातात. पावसाळ्यात जातात आणि भर वैशाखातही जातात. उन्हाळ्यात कोकणातल्या कितीतरी नद्या आटतात, मग हिलाच पाणी कोठून?

हे पाणी भीमा खोऱ्याचे आहे. टाटांनी मुळा नदीवर मुळशीला धरण बांधले. त्याविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापट आणि मावळचे शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले, तरी धरण झाले. १९२७ पासून ते पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात पडते आणि वीज करून कुंडलिकेत सुटते. त्यावरच होड्या तरंगतात. टाटांच्या धरणांतून असे दरसाल सुमारे ४२ टीएमसी पाणी पश्चिमेला वळते. न वळते तर उजनीच्या वाटेला लागले असते. उजनीचा उपयुक्त साठा सुमारे ५४ टीएमसी. हिशेब ज्याचा त्याने करावा.

होडीवाल्यांवर आमचा राग नाही. गावची पोरे वल्ही मारून घाम गाळतात, चार पैसे कमावतात. पुढे डोलवहाळ बंधाऱ्यावरून तेच पाणी रोह्याच्या शेतकऱ्याला मिळते. तोही आपलाच भाऊ.

पण एक गोष्ट बघा. वीजघराचे पाणी सुटण्याची वेळ ठरलेली, म्हणून होडीवाला गिऱ्हाइकाला आदल्या दिवशीच वेळ देतो. मैंदर्गीच्या शेतकऱ्याला कुरनूर धरणाचे पाणी बोरी नदीत कोणत्या महिन्यात येईल, तेही कोणी सांगत नाही. रब्बी ज्वारीला एकच पाणी देणे शक्य असेल तर ते पोटरीत, पन्नास-पंचावन्न दिवसांनी द्यावे, हे कृषी विद्यापीठे सांगतात. तेच महिनाभर उशिरा आले तर कणीस भरायचे ते भरत नाही. पाणी तितकेच, पण पीक गेले. मौजेला वेळ पाळता येते, तर भाकरीला का नाही?

२०२३ च्या पावसाळ्यात उजनी भरली नाही आणि २०२४ च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यात खोल गेले. त्याही वर्षी सह्याद्रीवरचे पाणी पश्चिमेला उतरतच होते. पूर्वेला सोडले तर वीज बुडेल, हे खरे. पण वीज दुसरीकडेही तयार होते, पाणी होत नाही. शिवाय मुळा, मुळा-मुठा, भीमा, उजनी ही वाट निसर्गानेच काढून ठेवली आहे. त्याला पंप लागत नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत दोन ठराव व्हावेत. एक, उजनी भरत नाही त्या वर्षी मुळशीचे पाणी पूर्वेला सोडावे आणि रोह्याचा शेतकरी व होडीवाला यांना सरकारने भरपाई द्यावी. दोन, रब्बीच्या पेरणीआधी प्रत्येक धरणाच्या आवर्तनाच्या तारखा लेखी जाहीर कराव्यात.

आम्ही दया मागत नाही. होडीला मिळते तेवढे वेळापत्रक मागतो.