पदर, बुरखा आणि सातबारा

भगिनींनो, बदलापूरहून सकाळच्या लोकलने बायकांच्या डब्यात एकदा बसून पाहा. कोणाचा नऊवारीचा पदर डोईवर, कोणी बुरख्यातली मुलगी पुस्तक उघडून बसलेली, उल्हासनगरला ओढणी सावरीत उतरणारी सिंधी आजी. डोके का झाकलेस, असे तिथे कोणी कोणाला विचारीत नाही. ती चौकशी पारावरच्या पुरुषांना फार!

उल्हासनगर हे नावच १९४९ सालचे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिली. तिकडे खानदानी घरची बाई चादर घेतल्यावाचून उंबरा ओलांडीत नसे. इथे एका बराकीत अनेक बिऱ्हाडे. पापड लाटून, शिवणकाम करून चूल पेटवायची. पडदा टिकणार कुठे?

आपण हसू नये. बड्या मराठा घराण्यांतही गोषा होताच. भातलावणीच्या चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईला तो कधी परवडला नाही, एवढेच.

चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई आठवतात. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधानभवनावर त्यांनी मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला. बायका किती? सात! त्यांनी बुरख्याचे गाऱ्हाणे मांडले नाही. तोंडी तलाक बंद करा, सवत आणणे बंद करा, असे त्या म्हणाल्या. एका दमात तीनदा म्हटलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला २०१७ साली, आणि कायदा झाला २०१९ साली. त्या सातजणींना नेमके कुठे दुखते ते ठाऊक होते. डोक्यावर काय घ्यायचे ते ज्या त्या बाईने ठरवावे. पण घरातून काढले तर जायचे कुठे, हा प्रश्न मोठा.

आपल्याकडेही तेच. सुनेने सासऱ्यापुढे पदर घेतला का, यावर घरोघर कुरबुर. सातबाऱ्यावर तिचे नाव आहे का, हे कोण पाहतो? शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेनंतर, नवऱ्याच्या संमतीने बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय शासनाने १९९२ सालीच केली. २००५ च्या कायद्याने हिंदू घरातल्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा दिला.

म्हणून तर बदलापूर-अंबरनाथकडे जमिनीला भाव आल्यापासून माहेरची बोलावणी वाढली आहेत. साडीचोळी होते, जेवण होते, मग हक्कसोडपत्र पुढे येते. बहीण पदर सारखा करून अंगठा देते. हक्क सोडायचा की ठेवायचा, तुमची मर्जी. पण आधी तो कागद मोठ्याने वाचून घ्या. आणि वाचणारा भाऊ नको, बाहेरचा बघा.